पाण्याखालचा विसावा: ताण हलका करण्यासाठी स्कूबा शिकायचं असेल तर

सरावाच्या मोकळ्या वाळूत गुडघे टेकवून मी आठ मीटर खोलीवर बसले होते. समोर माझी प्रशिक्षक. तिने तळहात छातीसमोर धरला, हळूच पुढे नेला आणि तितक्याच हळू मागे घेतला. म्हणजे श्वास सोड, श्वास घे. बुडबुडे कानाजवळून खळखळत वर गेले, मग क्षणभर शांतता, मग तोंडातल्या रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र) हवा आत येतानाचा सूं असा आवाज. असे दहा-बारा श्वास झाले असतील, तेव्हा जाणवलं की कित्येक महिने डोक्यात चोवीस तास चालू असलेली यादी थांबली आहे. कुणाला उत्तर द्यायचंय, काय राहिलंय, कुठे चुकलंय, यातलं काहीच नाही.

हे मला तिसऱ्यांदा पाण्याखाली गेल्यावर मिळालं. पहिल्यांदा मिळाली होती कानदुखी आणि धाप. मी थकलेल्या मनाने, घाईघाईत, काही न विचारता एका ठिकाणी गेले होते. फॉर्म नाही, तब्येतीची चौकशी नाही. पंधरा मिनिटांत पाठीवर सिलिंडर चढवलं आणि एका माणसाने मागून धरून मला खाली नेलं. कान ठणकत होते, ते कसं सांगायचं हेही मला माहीत नव्हतं. वर आले तेव्हा आधीपेक्षा जास्त ताण घेऊन आले.

आज स्कूबाकडे वळणारे अनेक जण माझ्यासारखेच दमलेले असतात. त्यांना हेच सांगायचं आहे: पाण्याखालचा आराम सावकाश श्वासातून येतो, आणि श्वास सावकाश होतो तो कान, मास्क आणि वजन यांची धास्ती गेल्यावरच. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. आधी मनाशी बोला

रोजच्या कामाचा शिणवटा, अपुरी झोप, सतत फोनवर राहून आलेला कंटाळा, या गोष्टींवर स्कूबा फार छान काम करतं. पाण्यात शरीराचा भार जवळजवळ नाहीसा होतो, मानेला आणि पाठीला विश्रांती मिळते, कुणी हाक मारू शकत नाही आणि एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं.

पण पॅनिक अटॅक येत असतील, बंद जागेची भीती असेल, नुकताच मोठा धक्का बसला असेल, तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक, समुद्र नंतर. जमिनीवर छाती धडधडायला लागली तर आपण खाली बसतो, पाणी पितो, खिडकी उघडतो. पाण्याखाली घाबरलेला माणूस मात्र एकदम वर धाव घेतो, आणि तीच धाव धोक्याची असते. का ते पुढे येईलच. स्कूबा उपचाराला पूरक ठरू शकतं, त्याची जागा घेऊ शकत नाही.

२. तब्येतीचा फॉर्म खरा भरा

चांगल्या ठिकाणी पाण्यात उतरण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट येणं, फुफ्फुसाचे आजार किंवा शस्त्रक्रिया, कानाचे जुने त्रास, मधुमेह, गरोदरपण, चालू औषधं, असे प्रश्न त्यात असतात. काही उत्तरं ‘हो’ आली की डॉक्टरांची सही आणावी लागते.

इथे बरेच जण सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात, कारण सुट्टी दोनच दिवसांची असते. कृपा करून हे करू नका. दम्यात फुफ्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकू शकते आणि वर येताना तीच हवा प्रसरण पावते. गरोदरपणी तर डायव्हिंग नकोच.

मनाच्या आजारावरची औषधं चालू असतील तर तेही लिहा. ‘चार दिवस गोळ्या बंद करते, मग विचारणार कोण’ असा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. कितीतरी लोक औषधं चालू असताना डॉक्टरांच्या परवानगीने डायव्हिंग करतात. औषध अचानक थांबवून खाली जाणं हे औषध घेऊन जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं होऊ शकतं. डायव्हिंगची माहिती असलेले डॉक्टर मिळाले तर उत्तमच.

३. एकदा अनुभव, की पूर्ण कोर्स?

दोन दारं आहेत. पहिलं अनुभव-डायव्हचं: अर्ध्या दिवसात थोडी माहिती, उथळ पाण्यात थोडा सराव आणि प्रशिक्षकाबरोबर एक फेरी. यात पोहता येण्याची अट बहुतेक ठिकाणी नसते आणि खोलीची मर्यादा साधारण १२ मीटर असते. दुसरं दार ओपन वॉटर कोर्सचं: वाचन, परीक्षा, तलावात सराव आणि मग खुल्या पाण्यात ४ डायव्ह. तीन-चार दिवस लागतात. शेवटी कार्ड मिळतं आणि जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं.

१९६६ साली सुरू झालेल्या पॅडी या संस्थेच्या या कोर्ससाठी वय किमान १० वर्षं लागतं, कसल्याही साधनाशिवाय २०० मीटर किंवा मास्क, फिन्स आणि स्नॉर्कल लावून ३०० मीटर पोहून दाखवावं लागतं (वेळेची अट नाही) आणि १० मिनिटं तरंगून. एसएसआय, नॉई, सीमास या संस्थांचे कोर्सही साधारण याच धाटणीचे आहेत. कार्डामागे आयएसओ २४८०१-२ हे आंतरराष्ट्रीय मानक असेल तर ते जगभर चालतं. कोणती संस्था यापेक्षा शिकवणारा माणूस कोण, याला महत्त्व द्या.

ताण घालवायचा असेल तर माझं स्पष्ट मत कोर्सच्या बाजूने आहे. अनुभव-डायव्हमध्ये तुम्ही प्रवासी असता, सगळं दुसऱ्याच्या हातात असतं. काहींना तेही सुखावतं, पण मनाला खरी उसंत मिळते ती ‘काही झालं तरी काय करायचं ते मला येतं’ या भरवशामुळे. आणि तो भरवसा सरावाशिवाय येत नाही.

४. शिकवणारा पारखून घ्या

फोन करा, किंवा शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन भेटा. एवढं विचारा:

– एका प्रशिक्षकाकडे किती शिकाऊ असतात? चारपर्यंत असतील तर बरं. आठ म्हणाले तर दुसरं ठिकाण बघा.
– तलावातला सराव किती तास? ‘गरजेप्रमाणे’ हे उत्तर चांगलं, ‘अर्धा तास पुरतो’ हे वाईट.
– होडीवर ऑक्सिजनचा संच आणि प्रथमोपचाराची पेटी असते का?
– मला वेळ जास्त लागला तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘काही हरकत नाही, आपण पुन्हा करू’ असं सहज म्हणणारा माणूस निवडा. दमलेल्या माणसाला घाई करणारा गुरू चालत नाही. स्वस्ताच्या मागे लागून घाईच्या ठिकाणी जाण्याचा सापळा सगळ्यात मोठा आहे. मी स्वतः त्यात सापडले होते.

५. जवळ काय लागेल

कागदपत्रं: ओळखपत्र, आरोग्याचा फॉर्म आणि लागल्यास डॉक्टरांचं पत्र, पासपोर्ट आकाराचा फोटो, घरच्या माणसाचा संपर्क क्रमांक. अठराच्या आतल्यांना पालकांची सही. डायव्हिंगचा विमा वेगळा असतो. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग धरलेलं असेलच असं नाही, म्हणून ते वाचून घ्या.

सामान: वेटसूट, बीसीडी (हवा भरता-सोडता येणारं जाकीट), रेग्युलेटर, सिलिंडर, फिन्स (पायात घालायचे पंखे), वजनं आणि डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र). हे सगळं भाड्याने मिळतं, सुरुवातीला विकत घेऊ नका. घ्यायचाच असेल तर फक्त मास्क घ्या. तो चेहऱ्याला लावा, पट्टा न ओढता नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पोहायचा चष्मा इथे चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं आणि खाली जाताना आतला दाब सारखा करता येत नाही. नंबरचा चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो.

एक गैरसमज इथेच दूर करते. पाठीवर असतो तो ‘ऑक्सिजन सिलिंडर’ नव्हे. त्यात आपण घेतो तीच साधी हवा गाळून, दाबून भरलेली असते. श्वास घेतला तेवढ्यापुरतीच आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देणारं यंत्र झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली तयार केलं. आजचा रेग्युलेटर त्याच तत्त्वावर चालतो. तुम्ही हवा ओढली की ती येते, थांबलात की थांबते. पहिल्या दिवशी याच गोष्टीवर विश्वास ठेवायला शिकायचं असतं.

६. श्वास: सगळा खेळ इथे आहे

या पायरीवर जास्त वेळ द्या. मी आठवडाभर आधी घरी सराव केला होता, तो असा: पाठीवर झोपा, तोंडाने श्वास घ्या, चार आकडे मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. छातीपेक्षा पोट हललं पाहिजे. नाक चिमटीत धरून पाच मिनिटं. पहिल्या मिनिटाला विचित्र वाटतं, तिसऱ्याला सवय होते.

श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि घेताना किंचित वाढतात. निःश्वास लांबवला की शरीराला ‘आता धोका नाही’ असा निरोप जातो. जमिनीवर हे करायचं आपल्याला कुणीतरी आठवण करून द्यावं लागतं. पाण्याखाली दुसरा पर्याय नसतो. प्रत्येक श्वास ऐकू येतो, त्याचे बुडबुडे डोळ्यांना दिसतात, आणि घाईने घेतलेल्या श्वासाचा हिशेब प्रेशर गेजवर (सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारा काटा) लगेच दिसतो.

आता धाप का लागते ते बघा. घाबरलेला माणूस वरवरचे, भराभर श्वास घेतो. अशा श्वासात बरीचशी हवा घसा आणि श्वासनलिकेतच ये-जा करते, फुफ्फुसाच्या तळाशी जात नाही. कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तोच मेंदूला ‘हवा कमी पडतेय’ असं ओरडून सांगतो. सिलिंडर भरलेलं असतं, तरी जीव गुदमरतो. यावर उपाय उलटा वाटेल असा आहे: आधी पूर्ण श्वास सोडा. घ्यायची घाई करू नका. फुफ्फुस नीट रिकामं झालं की पुढचा श्वास आपोआप खोल जातो. दोन-तीन वेळा केलं की धाप बसते.

आणि नियमांचा नियम: श्वास कधीही रोखून धरू नका. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास धरून वर आलात तर तो दुप्पट जागा मागतो आणि फुफ्फुसाला इजा होते. दीड मीटरवरूनही हे घडू शकतं, म्हणून ‘तलावच तर आहे’ असं म्हणू नका. प्राणायामाची सवय असलेल्यांना सावकाश श्वास लवकर जमतो, पण त्यांनी कुंभकाची सवय मात्र किनाऱ्यावर ठेवून यावी.

७. कान

विमानात बसतात तसे कान इथेही बसतात, फक्त जास्त लवकर. पहिल्या काही मीटरांतच दाबाचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. नाक चिमटीत धरा, तोंड बंद, आणि हलकेच नाकात हवा फुंका. कानात ‘टक्’ झालं की काम झालं. हे दुखायच्या आधी करायचं, पाणी डोक्यावर आल्यापासून दर अर्ध्या-एक मीटरला. दुखायला लागल्यावर जोर लावला तर कान आणि घसा जोडणारी नळी आणखी घट्ट मिटते, कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते.

कान सुटला नाही तर एखादा मीटर वर या, पुन्हा करा, मग खाली. कानाकडे बोट दाखवून तळहात डावीकडे-उजवीकडे हलवला की ‘कानाला त्रास’ हे प्रशिक्षकाला कळतं. पाय खाली ठेवून, दोर धरून उतरलं तर कान लवकर सुटतात.

सर्दी असेल तर जाऊ नका. सर्दीची गोळी घेऊन उतरलं आणि तिचा असर पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना हवा आत अडकते, आणि खाली तर कायम राहता येत नाही.

८. मास्कमध्ये पाणी

मास्कमध्ये पाणी शिरणं ही तक्रार नव्हे, रोजची गोष्ट आहे. वरची कड कपाळाला दाबा, नजर थोडी वर, नाकाने सावकाश हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. तलावात हे इतक्यांदा करा की कंटाळा यावा. मी वीस वेळा केलं. त्यानंतर समुद्रात माझ्या मास्कला कुणाचा तरी फिन लागला आणि तो अर्धा भरला, तेव्हा हात आपोआप वर गेला, मन जागचं हललंसुद्धा नाही.

धुकं धरू नये म्हणून काचेला आतून थुंकी चोळून पाण्याने विसळायची रीत सगळीकडे आहे. नव्या मास्कवर मात्र कारखान्यातला पातळ थर असतो. तो आधी साध्या टूथपेस्टने घासून काढावा.

९. अधांतरी राहणं

ज्या विश्रांतीसाठी आपण आलो ती इथे मिळते. वर जात नाही, खाली जात नाही, पाण्यात नुसते टांगलेले. हे जमलं की हात-पाय मारावे लागत नाहीत, दम लागत नाही, हवा पुरते.

पहिली गोष्ट वजन. नवख्यांना बुडता यावं म्हणून जास्त वजन बांधायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. मग ते वजन पेलायला जाकिटात जास्त हवा भरावी लागते, आणि माणूस सारखा वर-खाली होत राहतो. वजन बरोबर आहे की नाही ते पृष्ठभागावर तपासता येतं: जाकीट रिकामं केल्यावर, साधा श्वास धरून उभं राहिलं असता, पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जावं. (श्वास धरायचा तो फक्त इथे, कारण अजून आपण वरच आहोत आणि वरचीच हवा घेतली आहे.) डायव्ह संपताना सिलिंडर हलकं होतं, तेवढं थोडं जास्तीचं धरायचं. प्रशिक्षकाला ‘माझं वजन तपासू या का’ असं स्वतःहून विचारा.

दुसरी गोष्ट श्वास. जाकिटाने पातळी साधारण जमवली की उरलेलं काम फुफ्फुस करतं. तळापासून वीतभर वर, आडवे, हात घडी घालून. श्वास घ्या: एक-दोन क्षण काहीच होत नाही, मग शरीर अलगद उचललं जातं. सोडा: पुन्हा क्षणभर थांबून अलगद खाली. त्या मधल्या क्षणाची वाट बघायला शिका. नवखा माणूस तिथेच घाई करतो, बटण दाबतो, पाय मारतो, आणि सगळं बिघडतं. मला हे समजलं तेव्हा माझ्यासमोर वाळूत एक छोटा खेकडा बीळ उकरत होता. एक-एक कण बाहेर आणून ठेवत होता. मी त्याच्यासमोर श्वासावर वर-खाली होत बहुधा पाच मिनिटं राहिले. त्याने एकदाही आत पळ काढला नाही.

याच पायरीत आणखी एक सांगते: खोलीच्या मागे लागू नका. जास्त खोल म्हणजे जास्त शांत, असं मुळीच नसतं. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच फिका पडतो आणि खाली सगळं निळं-करडं होत जातं. हवाही भराभर संपते: २० मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या तिप्पट हवा लागते. साधारण ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी चढू शकते. ती छान वाटते, पण ती विश्रांती नव्हे, त्यात निर्णय चुकतात. सहा ते बारा मीटरमध्ये ऊन असतं, रंग असतात, मासे असतात आणि वेळ असतो.

१०. खाली गेल्यावर जीव घाबरला तर

घाबरणं होऊ शकतं, अनुभवी लोकांनाही होतं. क्रम पाठ करून ठेवा: थांबा, श्वास सोडा, विचार करा, मग हालचाल करा. दोर, खडक किंवा जोडीदाराचा हात, काहीतरी स्थिर धरा. प्रवाळ धरू नका. तो जिवंत असतो आणि हातालाही कापतो. जोडीदाराकडे बघा. तळहात पालथा करून हलवला की ‘काहीतरी बिघडलंय’ असा अर्थ होतो.

खुणा आधीच तलावात पक्क्या करा, कारण एक खूण सगळ्यांना फसवते. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर जाऊ या’. खूश होऊन अंगठा दाखवलात की प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन जाईल. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करून दाखवा.

डायव्हिंगमध्ये एक जुना, सर्वमान्य रिवाज आहे: कुणीही, केव्हाही, कुठलंही कारण न देता डायव्ह थांबवू शकतो आणि त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. होडीवर बसल्या बसल्यासुद्धा ‘आज नको’ म्हणता येतं. मी दोनदा म्हटलं आहे. एकदा रात्रभर झोप झाली नव्हती, एकदा घरून वाईट बातमी आली होती. दोन्ही वेळा होडीवर बसून राहिले आणि तो दिवस वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

११. वर येणं

वर येताना घाई नको. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नसावा. सोपी खूण अशी की आपल्याच सगळ्यात लहान बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही. साधारण ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हा वेळ लागतो. ही तीन मिनिटं मला सगळ्यात आवडतात. वर ऊन हलत असतं, खाली निळं पसरलेलं असतं, आणि करायचं काही नसतं.

गेजवर ५० बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना पृष्ठभागावर असायला हवं, म्हणजे परत फिरायचं त्याच्या बऱ्याच आधी. जोडीदाराला आपला आकडा अधूनमधून दाखवत राहा.

वर आल्यावर लगेच विमानात बसायचं नाही. एकच डायव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर किमान १८ तास थांबा. तिकीट काढतानाच हा हिशेब करा; सुट्टीच्या शेवटच्या दिवशी डायव्ह ठेवणं ही नेहमीची चूक आहे. पाणी प्या, त्या दिवशी दारू नको. पाण्यात असताना लघवीला लागते, म्हणून लोक आधी पाणी कमी पितात. तेही चुकीचं, कारण शरीर कोरडं पडलं की नायट्रोजनचा त्रास होण्याची शक्यता वाढते.

डायव्हनंतर गोड थकवा येतो, भूक लागते, झोप छान लागते. पण सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले, चक्कर आली किंवा न पेलवणारी मरगळ आली, तर ‘दमले असेन’ म्हणून झोपू नका. लगेच प्रशिक्षकाला सांगा, ऑक्सिजन घ्या, डॉक्टर गाठा.

१२. घरी आल्यावर

पहिल्या सुट्टीत दिवसाला दोनपेक्षा जास्त डायव्ह करू नका, आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. कॅमेरा पहिल्या दहा-पंधरा डायव्हपर्यंत नकोच. कॅमेऱ्यामागे लागलं की श्वास, जोडीदार आणि गेज तिन्ही विसरले जातात, आणि ज्या सवयीपासून सुटायला आलो तीच सवय खाली घेऊन जातो. सहा महिने-वर्षभर पाण्यात गेला नसाल तर पुन्हा जाताना एक उजळणीचं सत्र घ्या. कार्डाची मुदत संपत नाही, पण हाताची सवय जाते.

डायव्हची नोंदवही ठेवा. तिच्यात तारीख, खोली, वेळ, वजन, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब असे रकाने असतात. मी त्यात दोन वाढवले आहेत: उतरण्याआधी मन कसं होतं आणि वर आल्यावर कसं. पुढच्या वेळी जाऊ की नको असा प्रश्न पडला की मी आधी तेच दोन रकाने वाचते.